रिकाम्या चिलखतात माणसाची जागा: अल्फॉन्सच्या पोशाखाच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

धाकट्या भावाने या वर्षी अल्फॉन्स एल्रिक व्हायचे ठरवले आहे. आवडत्या चित्रकथा-पात्राचा वेश करून जमायचा मेळावा १ डिसेंबरला मुंबईत आहे आणि पोशाख मी करून द्यायचा, हे त्याने न विचारताच गृहीत धरले आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही हिरोमू अराकावा यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर २००३ व २००९ साली दोन अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिका सुरू झाल्या. आम्ही दोघांनी दुसरी मालिका एकाच मोबाइलवर, एकेक इअरफोन वाटून घेऊन पाहिली होती. वारलेल्या आईला परत आणण्याचा निषिद्ध प्रयोग दोन भाऊ करतात. त्यात थोरल्या एडवर्डचा पाय जातो आणि धाकट्या अल्फॉन्सचे सबंध शरीरच नाहीसे होते. मग एडवर्ड आपला हात देऊन धाकट्याचा आत्मा घरातल्या एका चिलखताशी बांधतो; चिलखताच्या आत, मानेच्या मागच्या बाजूला, स्वतःच्या रक्ताने काढलेली मुद्रा हाच आत्मा आणि चिलखत यांतला दुवा उरतो.

काम अवघड आहे ते याच कारणाने. हे चिलखत आत कोणी नसलेल्या माणसाचे आहे. चित्रकाराला आत छाती, बगल, कोपर यांची सोय ठेवायची नव्हती. मला ती ठेवायची आहे. धाकट्याची उंची १७० सेंटिमीटर आहे. बुटाच्या तळाने ९ आणि शिरस्त्राणाने १६ सेंटिमीटर वाढवले, तर तो १९५ पर्यंत जाईल. बाबांची सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वातानुकूलन यंत्रांचे पत्र्याचे डक्ट, म्हणजे हवेचे मार्ग, बनवण्यात गेली. त्यांना मी चित्रे दाखवली, तेव्हा ते बराच वेळ पाहून एवढेच म्हणाले, “आधी आतलं माप घे. बाहेरचं मागाहून बघता येतं.”

२१ जुलै २०२४, रविवार

मापे घेतली. धाकट्याला जुना टी-शर्ट घालून उभे केले, त्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळली आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर दिले. या कवचावर पेनाने जोडाच्या रेषा आखून ते पाठीवरून कापून काढले आणि रेषांवर तुकडे केले. तुकडे जमिनीवर पसरून दाबले की कोणता तुकडा सपाट बसतो आणि कोणता बंड करतो हे लगेच कळते. जो बसत नाही त्याला आणखी एक छेद द्यावा लागतो. आई शिलाई मशिनवरून उठून पाहायला आली आणि म्हणाली, “ही तर कटोरी आहे. इथे टक घे, म्हणजे फुगा बसेल.” छातीचा आकार त्यानंतर पंधरा मिनिटांत सुटला. ब्लाउज शिवणाऱ्याला आणि डक्ट बनवणाऱ्याला एकच प्रश्न सोडवावा लागतो, सपाट वस्तूतून फुगीर वस्तू काढण्याचा, हे इतकी वर्षे एकाच घरात राहून माझ्या लक्षात आले नव्हते.

जाडीचा हिशेब मात्र बाबांचा. छातीचा घेर ९४ सेंटिमीटर आहे. हवा खेळावी म्हणून सर्व बाजूंनी ३ सेंटिमीटर मोकळे सोडायचे, म्हणजे त्रिज्या ३ ने वाढली आणि घेर सुमारे १९ ने वाढून ११३ झाला. चिलखत फोमचे करायचे आहे आणि तो १० मिलिमीटर जाड आहे. गोल वळवल्यावर त्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, त्यामुळे माप मधल्या रेषेवर धरायचे, म्हणजे आणखी ३ सेंटिमीटर. पट्टी ११६ ची कापायची. बाबांच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असायची, तरी ते हा हिशेब सोडत नसत. मी तो सोडला असता, तर धाकटा चिलखतात मावला असता, पण त्याला श्वास घेता आला नसता.

२८ जुलै २०२४, रविवार

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात दोन तास काढले. अकबराचे पोलादी चिलखत तिथे आहे. ‘चार-आईना’ या प्रकारच्या चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशी यांसाठी चार स्वतंत्र पाती असतात आणि ती पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडलेली असतात. मला हवी होती ती गोष्ट कुशीच्या पात्यांत मिळाली: बगलेखाली त्यांची वरची कड अर्धगोल कापलेली असते, म्हणजे हात खाली येतो तेव्हा दंड पत्र्यावर आपटत नाही. ज्याला त्या चिलखतात खरोखर घोड्यावर बसून हात चालवायचा होता, त्याच्यासाठी कारागिराने ते कापले होते. अल्फॉन्सच्या चित्रात असा काप नाही. मी तो घेणार आहे आणि खांद्याच्या मोठ्या वाटीखाली झाकणार आहे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

खरेदी झाली. मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत गुंतणाऱ्या ईव्हीए फोमच्या १० मिलिमीटरच्या चटया, दोन फूट बाय दोन फुटांच्या, नऊ नग. सांध्यांसाठी ५ मिलिमीटरचा आणि कडांसाठी २ मिलिमीटरचा फोम. स्टेशनजवळच्या बाजारातून बॅगांना लावतात ते नायलॉनचे पट्टे व क्लिपची बकले घेतली. कटरच्या पात्यांची दोन पाकिटे घेतली आणि तीही कमी पडतील, कारण फोम पात्याची धार फार लवकर मारतो आणि बोथट पाते कड कापत नाही, फाडते.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

छातीचे जोड उघडले. काल रात्री चिकटवलेले सहापैकी चार जोड सकाळी बोटाने ओढताच सुटले, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

सनमायका बसवायला सुतार वापरतात तो रबरी गोंद मी वापरते आहे. तो दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोट लावल्यावर चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मग कडा एकमेकींवर दाबायच्या. एकदा चिकटल्या की सरकवता येत नाहीत. काल बाहेर धो धो पाऊस होता आणि मी बाल्कनीचे दार उघडे ठेवून तिथेच बसले होते. गोंदातले द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ धरते. मला कडेवर पांढुरकी साय दिसली होती, पण ती वाळण्याची खूण समजून मी दाबून टाकली. दोन गोंदांच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा राहिला.

आज गोंद खरवडून काढला, कडा बारीक सँडपेपरने घासल्या आणि पद्धत बदलली. दहा-बारा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे थांबायचे आणि जोडण्यापूर्वी हीट गन लांबून फिरवून कडा जेमतेम कोमट करायच्या. हीट गनही द्रावकाचा वास पूर्ण गेल्यानंतरच लावायची, कारण ही वाफ पेट घेते. खिडक्या बंद करता येत नाहीत, कारण तीच वाफ डोक्यात जाते. म्हणून पंखा पाठीशी, खिडकी समोर आणि तोंडावर कार्बनच्या डब्यांचा मास्क. कापडी मास्क धुळीपुरता ठीक, वाफेला त्याचा काही उपयोग नाही. संध्याकाळी सहाही जोड ओढून पाहिले. फोम फाटला, जोड सुटला नाही.

१९ ऑगस्ट २०२४, सोमवार, नारळी पौर्णिमा

राखी बांधून झाल्यावर धाकट्यानेच चिलखत चढवून पाहायची घाई केली. छाती आणि पाठ छान बसली. खांद्याच्या वाट्या चढवल्या आणि त्याला दोन्ही हात वर करायला सांगितले, तर हात कोपरापर्यंत वर आले, वाट्या त्याच्या कानांवर आपटल्या आणि छातीचा भाग हनुवटीपर्यंत उचलला गेला.

वाटी मी छातीच्या भागाला चिकटवली होती. आईने लांबूनच चूक ओळखली: बाही मुंढ्यात, म्हणजे खांद्याजवळच्या कापात, नीट बसली नाही की हात उचलताना सगळा ब्लाउज वर चढतो, मुंढा ढिला सोडून भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो. बाबा म्हणाले की वाटी चिकटवूच नये, टांगावी. दोघांचे ऐकले. मुंढ्याचा काप चार सेंटिमीटर आत, मानेच्या बाजूला सरकवला. वाटी आता गळ्याजवळच्या एका रुंद पट्ट्यावर लोंबते आणि खालून दंडाला इलॅस्टिकने अडकते, त्यामुळे हात वर जाताना ती हाताबरोबर फिरते. युरोपातल्या पूर्ण पोलादी चिलखतांचे वजन साधारण १५ ते २५ किलो असे, तरी माणूस त्यात चालत आणि वाकत असे, ते याच टांगलेल्या आणि एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्यांमुळे.

कोपर आणि गुडघा मी याच विचाराने केले. डक्टचा वाकडा तुकडा, ज्याला बाबा एल्बो म्हणतात, तो तिरप्या कापलेल्या नळकांड्यांचा बनतो. मी ती नळकांडी एकमेकांना चिकटवली नाहीत. आतून नायलॉनच्या दोन पट्ट्यांवर रिव्हेटने धरली. धाकट्याने हात वाकवला तेव्हा नळकांडी एकमेकांखाली गेली आणि सरळ केला तेव्हा परत बाहेर आली. बाबांनी तो हात दहा-बारा वेळा वाकवून घेतला.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

शनिवारी गणपती बसतील. चिलखताचे सर्व भाग एकात एक घालून माळ्यावर ठेवले. उरलेल्या फोमच्या कळ्या-पाकळ्या कापून मखराला वापरल्या. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचे मखर पुठ्ठ्याचे असते, आणि सरळ कड कशी कापायची हे मी पुठ्ठ्यावरच शिकले. अनंत चतुर्दशीपर्यंत काम बंद.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

शिरस्त्राण. या आठवड्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्यातच गेल्या आणि एकूण कामातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे.

डोक्याचा घुमट मी सहा कळ्यांचा केला. प्रत्येक कळीच्या कडा ४५ अंशात तिरप्या कापल्या, नाहीतर जोडावर बाहेरून खाच दिसते. फोमचा पृष्ठभाग हीट गनखाली निस्तेज असतो तो क्षणभर किंचित चमकतो. त्या क्षणी हातात घेऊन वाटीवर दाबला आणि थंड होईपर्यंत धरून ठेवला, तर आकार कायम राहतो. चमक येण्याआधी दाबला तर तो पुन्हा सपाट होतो, उशीर केला तर करपून सुरकुततो. स्टीलच्या मोठ्या पातेल्यावर मी सहाही कळ्या दाबल्या.

कपाळावरचे शिंग आणि मागचा पांढरा तुरा सोपे होते. प्रश्न डोळ्यांचा होता. अल्फॉन्सचे डोळे काळोखातून चमकणारे दोन ठिपके आहेत. तिथे दिवे लावले, तर ते धाकट्याच्या बुबुळांपासून दोन बोटांवर येतील आणि त्याला काहीच दिसणार नाही. भोके ठेवली, तर आतून माणसाचे डोळे दिसतील आणि चिलखत रिकामे वाटणार नाही. दोन दिवस यातून मार्ग सापडला नाही. मग उंचीसाठी ठेवलेले १६ सेंटिमीटर उपयोगी पडले. शिरस्त्राण डोक्यावर तेवढे उंच बसवले की अल्फॉन्सचे डोळे धाकट्याच्या कपाळासमोर येतात आणि धाकट्याचे डोळे अल्फॉन्सच्या तोंडाच्या जाळीमागे. जाळीला आतून काळे विरळ कापड लावले. बाहेरच्या उजेडातून आतले काही दिसत नाही, आतल्या काळोखातून बाहेरचे पुरेसे दिसते. पायाजवळचे मात्र अजिबात दिसत नाही, त्यामुळे जिन्यावर कोणीतरी हात धरायला हवा.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

दिवे आणि पंखे. दोन लाल एलईडी, प्रत्येकाला २२० ओहमचा रोधक. ५ व्होल्टमधले सुमारे २ व्होल्ट एलईडी घेते, उरलेल्या ३ व्होल्टमुळे साधारण १४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढा प्रकाश पुरतो. पॉवर बँकेला जोडल्यावर दिवे अर्ध्या मिनिटात विझले. तारा, टाके, खटका सगळे पुन्हा तपासले, सगळे ठीक होते. बऱ्याच पॉवर बँका फार कमी प्रवाह ओढला गेला की जोडलेला फोन भरला असे समजून स्वतः बंद होतात. संगणकात असतात तसे दोन छोटे पंखे, प्रत्येकी सुमारे एक वॅटचे, त्याच तारेवर जोडले आणि दिवे स्थिर राहिले. एक पंखा शिरस्त्राणाच्या मागे तुऱ्याखाली हवा बाहेर फेकतो, दुसरा पाठीवर कमरेजवळ आत ओढतो. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. तूट धरूनही दिवसभर चालायला हरकत नाही.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

रंगाआधीच्या लेपासाठी चार तुकड्यांवर चाचणी घेतली होती. पांढऱ्या गोंदाचे तीन हात दिलेला तुकडा सर्वांत गुळगुळीत झाला, पण ओल्या फडक्यात रात्रभर ठेवल्यावर चिकट झाला. घामात त्याचे तेच झाले असते. अॅक्रिलिकचा काळा प्राइमर पातळ चार हातांत दिलेला तुकडा पन्नास वेळा वाकवला तरी तडकला नाही, तोच घेतला. त्यावर स्पंजने टिपत टिपत रुपेरी रंग दिला. खळग्यांत काळा राहू दिला आणि कडांवर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने घासली. शिशाने जी थंड, जुनी चमक येते ती कोणत्याही रुपेरी रंगाने येत नाही. डाव्या खांद्यावर लाल चिन्ह काढले. बाबांनी खांद्याची वाटी हातात घेतली आणि नकळत नखाने टिचकी मारून पाहिली.

दुपारी गच्चीवर वॉर्निशचा फवारा मारला आणि पाठीचा भाग दुधासारखा पांढरा झाला. सकाळी पाऊस पडून गेला होता. ऑगस्टमधल्या गोंदाचीच ही पुनरावृत्ती, आणि कारण माहीत असूनही मी घाई केली याचे मला वाईट वाटते. पुढे कोरडा दिवस मिळेपर्यंत फवारा बंद.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला बाबांनी आपली पत्रा कापायची कात्री आणि पत्र्यावर रेघ ओढायचा स्क्राइबर पाटावर मांडले आणि शेजारी माझे कटर, हीट गन व आईचा गज ठेवून सगळ्यांना झेंडूची फुले वाहिली. आज कडकडीत ऊन होते. पाठीवर वॉर्निशचा अगदी हलका हात पुन्हा दिला. त्यातल्या द्रावकाने आधीचा थर मऊ झाला, अडकलेली ओल उडून गेली आणि पांढरेपणा तासाभरात मावळला.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पूर्ण पोशाखात पहिली फेरी, उपवन तलावाच्या काठाने, सकाळी साडेसहाला. सगळे मिळून वजन ५ किलो २०० ग्रॅम भरले. फोम उष्णता अडवतो, आणि पहाटेच्या गारव्यातही २५ मिनिटांनी धाकट्याचा श्वास जाळीतून मोठ्याने ऐकू येऊ लागला. पंखे चालू होते, पण आत जाणारी हवा कमरेच्या घट्ट पट्ट्यामुळे वर पोचतच नव्हती. परतल्यावर पट्ट्याखाली चार ठिकाणी फोमच्या गोट्या चिकटवल्या, म्हणजे तो अंगापासून दूर राहील. शिवाय नियम केला: ४० मिनिटे घालायचे, २० मिनिटे शिरस्त्राण काढून बसायचे, आणि पाण्याची नळी छातीच्या आतून तोंडापर्यंत. या नियमाबद्दल मी त्याच्याशी कोणतीही तडजोड करणार नाही.

छातीच्या पोकळीत ३ सेंटिमीटरहून अधिक जागा एका ठिकाणी उरली आहे, पोटावर. अल्फॉन्स वाटेत सापडलेली मांजराची पिल्ले चिलखतात लपवतो. आईने लोकरीचे पिल्लू विणायला घेतले आहे. त्याच्या जोडीला पिशवीत खडू, कारण अल्फॉन्स आपली वर्तुळे खडूने काढतो. धाकट्याला इतर कोणतेही शस्त्र नको, आणि प्रवेशद्वारावरच्या तपासणीतही त्यामुळे अडचण येणार नाही.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

पोटऱ्या मांड्यांत, मांड्या छातीत, वाट्या पाठीत अशी बांधाबांध करून दोन मोठ्या पिशव्या झाल्या. शिरस्त्राण वेगळे. सकाळची पहिली-दुसरी लोकल पकडून लगेजच्या डब्यातून जायचे.

रात्री सगळे झोपल्यावर गळपट्ट्याच्या आत, मानेच्या मागच्या जागी, मी लाल मुद्रा काढली. ती कोणाला दिसणार नाही. अॅक्रिलिकचा लाल संपला होता, म्हणून पोस्टर कलर वापरला. रेषा एका हाताने, न थांबता काढली.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

काल पोशाख साडेसहा तास वापरात होता, त्यातले धाकट्याच्या अंगावर सुमारे साडेतीन तास. डाव्या गुडघ्याचा एक रिव्हेट पट्टीतून निघाला; तिथे मोठी वॉशर हवी. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला रंग सोलवटला आहे, कारण तिथे दोन पट्ट्या एकमेकींना घासतात आणि मी जागा सोडली नव्हती. पंखे व दिवे शेवटपर्यंत चालले. लहान मुलांना पिल्लू दाखवण्यासाठी तो इतक्यांदा वाकला की पोटावरचा पट्टा उसवला.

घरी आल्यावर त्याने गळपट्टा काढला तेव्हा त्याच्या मानेवर मुद्रेचा लाल ठसा उमटलेला होता. घामाने पोस्टर कलर विरघळला होता. गळपट्टा आणि मान यांच्यात मी सोडलेली दोन बोटांची जागा मान मागे टेकवली की उरत नव्हती. आईने ओल्या टॉवेलने ते पुसले. गळपट्ट्यातली मुद्रा अर्धी गेली होती. आज अॅक्रिलिक आणून ती पुन्हा काढली आणि तिच्यावर वॉर्निशचे दोन हात दिले.